देवळात ढोल

धुळे,
९ जानेवारी १९८८

प्रिय वना,

सलाम. एस.टी. पारोळ्याला बराच वेळ खोळंबली, पण सुखरूप पोचले. एवढं कळवायला कार्ड पुरलं असतं. पण पुढचं जे लिहायचं आहे ते पोस्टमननं वाचू नये असं वाटतं, म्हणून पाकीट.

नव्या वर्षाच्या उपासनेला तू मला मोठ्या हौसेनं तुमच्या जळगावच्या देवळात नेलंस. तिथे मी काही बोलले नाही, कारण तुझ्या घरचं जेवण अजून व्हायचं होतं. आता बोलते. ती उपासना नव्हती, आठवड्याचा बाजार होता. पहिलं गीत मराठी झालं, ते ठीक. दुसऱ्याला त्या केरळच्या नर्सबाया उठल्या आणि नाकातून असं काही गायल्या की कोणाला तरी भूल न देता टाके घालतायत असं वाटावं. मग तो रेल्वेतला तेलुगू गँगमन, रत्नम. त्याच्या गीताला शेवट नाहीच. कडवं संपलं म्हणून आपण बसायला जावं, तर हा पुन्हा सुरू. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे सातपुड्यातली ती पावरा पोरं, गळ्यात ढोल अडकवून थेट वेदीच्या पायरीपर्यंत आली. ज्या पायरीशी आपण गुडघे टेकतो तिथे त्यांनी होळीसारखा धुमाकूळ घातला. आणि माझा सख्खा भाऊ, टेलिफोन ऑफिसात साहेबांशी इंग्रजीत बोलणारा, त्यांच्या मधोमध डोळे मिटून टाळ्या वाजवत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी मिशनच्या मडमेच्या हाताखाली चार आवाजांचं गायन शिकले. धुळ्याच्या देवळात ऐन तरुणपणापासून बाजा वाजवते. सुरात गाणं म्हणजे शिस्त, आणि शिस्त नसलेली भक्ती देवाला पोचत असेल असं मला वाटत नाही. पुढच्या वेळी मला बोलावू नकोस.

आता सुवार्ताचं. तुझी बायको गेल्यापासून त्या पोरीकडे मीच लक्ष दिलंय, म्हणून बोलायचा मला हक्क आहे. इथले पंच तोतारामसाहेब यांच्या प्रफुल्लसाठी ती पसंत आहे. मुलगा जिल्हा परिषदेत कायम झालाय. तोंडावरून बावळट वाटतो, पण नवरे तसेच बरे. सुवार्ताला शाळेतल्या शिकवण्यातून सुट्टी मिळाली की इकडे पाठव.

तुझी,
अक्का


जळगाव,
२४ जानेवारी १९८८

प्रिय अक्का,

ख्रिस्तात सलाम. तुझं पत्र टेबलावर राहिलं आणि सुवार्तानंही वाचलं. तिचं ती काय ते लिहील. मी माझं लिहितो.

आमच्याकडे एकच उपासना का सुरू झाली हे तू विचारलं नाहीस. तुला विचारायची सवय नाही, म्हणून न विचारता सांगतो. सव्वा वर्षापूर्वीपर्यंत आमच्या या एवढ्याशा देवळात रविवारी चार उपासना होत. सकाळी मराठी, मग मल्याळी, दुपारी तेलुगू, आणि संध्याकाळी वसतिगृहातल्या पावरा पोरांची. गीतपुस्तकांची कपाटं वेगळी, त्यांना कुलपं वेगळी. एकमेकांना आम्ही फाटकात भेटायचो, तेही मागच्यांनी बाकं पुसली नाहीत म्हणून कुरकुरायला.

शहाऐंशीच्या सप्टेंबरात रत्नमची बायको सुगुणम्मा वारली. आम्ही मराठी मंडळी दफनाला गेलो, पण कबरस्तानाच्या फाटकाबाहेर थांबलो. ते ‘त्यांचं’ होतं ना. आत रत्नम, त्याचा भाऊ, खड्डा खणणारे आणि पाळक. पेटी खाली सोडताना रत्नमनं गीत धरलं. दुसऱ्याच ओळीला त्याचा आवाज बसला. भाऊ तर आधीच रडत होता. पुढची ओळ म्हणायला कोणी नव्हतं. अक्का, ती चाल आम्हा सगळ्यांना येत होती. तूच मला लहानपणी मांडीवर घेऊन शिकवलेली चाल. फक्त शब्द तेलुगू होते. आम्ही फाटकाबाहेर हात बांधून उभे राहिलो आणि ती बाई मुक्यानं मातीत गेली.

घरी येताना मला आपल्या चार आवाजांच्या शिस्तीची किळस आली. पुढच्याच महिन्यात मी आणि नर्स अलेयम्मा पाळकांकडे गेलो आणि चारही कपाटांची कुलपं काढायला लावली. आमचं गाणं बेसूर होतं हे मलाही ऐकू येतं. पण तू आमच्याकडे पाहत होतीस ती चिखलातल्या डुकरांकडे पाहावं तशी, आणि ते रत्नमनंही पाहिलं.

प्रफुल्लबद्दल मी काही बोलत नाही. बावळट नवरा बरा, हा तुझा विचार मी तिला बोलून दाखवणार नाही. पण तिनं वाचलाय.

तुझा,
वना


धुळे,
१५ फेब्रुवारी १९८८

प्रिय वना,

तुझं पत्र वाचलं. त्या बाईच्या दफनाचं वाचून वाईट वाटलं. पण चाल येत होती तर शब्दांवाचून गुणगुणायचं होतंत. त्यासाठी पुढे वर्षभर ढोल बडवायची काय गरज होती? तुम्हा लोकांना चूक सुधारायची म्हटलं की आधी घर जाळावं लागतं.

तू सुवार्ताबद्दल का गप्प बसलास ते आता कळलं. तोतारामसाहेबांचे साडू तुमच्या जळगावच्या पंचांत आहेत. त्यांच्याकडून इथे सगळं आलं. सायसिंग पावरा नावाचा एक मास्तर आहे, सुवार्ता शिकवते त्याच शाळेत शिकवतो, देवळात ढोलवाल्या पोरांचा म्होरक्या तोच. मला आठवला. देवळात काळा गॉगल घालून आला होता आणि मिशीला पीळ भरत होता. त्याच्याबरोबर आपली पोर गीतं बसवते, बाजारात हिंडते, आणि बापाला सगळं ठाऊक आहे.

वना, आपल्या घरानं देवाचं वचन घेतलं त्याला तीन पिढ्या होतील. आपण वाचायला शिकलो, उठायला-बसायला शिकलो, चारचौघांत मान मिळवला. आणि तू पोरगी द्यायला निघालास डोंगरात? त्यांच्यातले अर्धे अजून झाडाला कोंबडं देतात. त्याची आई लग्नात कुठल्या भाषेत बोलेल, आणि आपल्यातलं कोण तिच्या पंगतीला बसेल, याचा विचार केलास का? मी तरी बसणार नाही.

तोतारामसाहेब घरी आले तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितलं, देवळात ढोल म्हणजे विटाळ. त्यांनी मान डोलावली. निदान या गावात अजून समज असलेली माणसं आहेत.

इथे ईस्टरची तयारी जोरात आहे. माझा गायकवर्ग या खेपेला चाळिसाच्या घरात गेलाय आणि मला श्वास घ्यायला सवड नाही. तेव्हा या विषयावर पुन्हा पत्र नको.

अक्का


जळगाव,
२९ मार्च १९८८

प्रिय आत्या,

सलाम. बाबांना तू पत्र नको म्हणालीस, म्हणून मी लिहितेय.

मी आणि सायसिंग मे महिन्यात लग्न करतोय. हे तुला तोंडानं सांगावं म्हणून ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मी पहाटेच्या गाडीनं धुळ्याला आले होते. तुला कळवलं नव्हतं. वाटलं, उपासना संपली की बाज्यापाशी येऊन तुला गाठावं. तू रागावलीस तरी लोकांसमोर फार बोलणार नाहीस, असाही हिशेब होता.

मी मागच्या बाकावर बसले. आत्या, बाज्यावर तू नव्हतीस. बाजा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला, वर फुलदाणी. पुढे प्रफुल्ल उभा होता, विजेवरचा कीबोर्ड घेऊन. बटण दाबलं की त्यातूनच ताल यायचा, आणि तो नुसता एका बोटानं चाल वाजवत होता. चाळीस जणांचा गायकवर्ग कुठेच नव्हता. तू तिसऱ्या बाकावर कडेला बसली होतीस आणि गीत चालू असताना तुझे ओठ मिटलेले होते. सगळं देऊळ गात होतं आणि तू एकटी गात नव्हतीस.

मी तुला न भेटताच निघून आले. धीर झाला नाही.

तुला दुखवायला लिहीत नाहीये, पण खोटंही लिहिणार नाही. तू आमच्यावर थुंकलीस तेव्हा मला वाटलं, तुझ्याकडे काहीतरी मोठं आहे, म्हणून तुला आमचं क्षुद्र वाटतं. तुझ्याकडे तर काहीच राहिलं नव्हतं. ज्यांनी तुझा बाजा भिंतीला लावला त्यांच्यासमोर बसून तू आमचा ढोल विटाळ म्हणून सांगितलास, आणि त्यांच्याच मुलाला मला द्यायला निघालीस. मला तुझी कीव आली. कीव आल्याची लाज वाटली, पण आली.

सायसिंग गॉगल घालतो, कारण लहानपणी त्याच्या डोळ्याला काटा लागला होता आणि तो डोळा पांढरा आहे. मिशीला पीळ मात्र उगाच देतो. ते मलाही आवडत नाही.

तुझी,
सुवार्ता


धुळे,
७ एप्रिल १९८८

सुवार्ता,

चोरून येऊन, मागच्या बाकावर बसून, म्हाताऱ्या माणसाची पाहणी करून न भेटता पळून जायचं, हे शिक्षण तुला कोणी दिलं? मी तर नाही. चहा प्यायला आली असतीस तर मी स्वतःच सांगितलं असतं. नसतं सांगितलं कदाचित. पण यायचं होतंस.

पाहिलंस तर पुरतं ऐक. ऑक्टोबरात माझ्या उजव्या हाताची दोन बोटं आखडली. डॉक्टर म्हणाले वय. मी डाव्या हातानं भागवत होते आणि लोकांना काही फरक कळत नव्हता, इतके त्यांचे कान तयार. मग तोतारामनं पंचांत ठराव आणला की नव्या पिढीसाठी नवं वाद्य हवं. कीबोर्ड आणला त्याच्याच मुलानं, वाजवायला बसला त्याचाच मुलगा. गायकवर्ग आठवड्यात फुटला. ज्या बायकांना मी सूर म्हणजे काय ते शिकवलं त्या मला म्हणाल्या, अक्का, आता तुम्ही आराम करा. त्या प्रफुल्लला दोन आवाजांतला फरक सांगता येत नाही. यंत्र पुढे पळतं आणि हा मागून धावतो. मी गात नाही, कारण मला त्या पळापळीत सामील व्हायचं नाही.

प्रफुल्लचं स्थळ मी का आणलं, हे तुला खटकलंय. खरं सांगते. सून म्हणून तू त्या घरात गेलीस तर बाजा पुन्हा जागेवर येईल असं मला वाटलं होतं. आता हवं ते म्हण.

पण यावरून मी तुझ्या लग्नाला हो म्हणेन असं समजू नकोस. मला तो माणूस पसंत नाही, त्याचा ढोल पसंत नाही, आणि पसंतीचं ढोंग मला येत नाही. मी लग्नाला येणार नाही. डोळ्याचं मला ठाऊक नव्हतं. गॉगलबद्दल जे लिहिलं तेवढं मागे घेते. मिशीबद्दलचं नाही.

कीव करायची असेल तर तुझ्या बापाची कर. तो मनानं चांगला आहे आणि त्याला सूर कळतो, म्हणजे रोज दोन्हीकडून त्रास.

आत्या


जळगाव,
२८ एप्रिल १९८८

प्रिय अक्का,

तू येणार नाहीस हे सुवार्तानं सांगितलं. मी आग्रह करायला लिहीत नाही. तुझे शब्द इथे पोचले, एवढं कळवायला लिहितो.

लग्न एकवीस मेला ठरलंय. परवा पंचांची बैठक झाली. तोतारामचे साडू उठून म्हणाले की लग्न लावायला हरकत नाही, पण अटी आहेत. ढोल देवळात येणार नाही. आणि मुलाकडची जी डोंगरातली माणसं बाप्तिस्मा न घेतलेली आहेत, ती ओसरीवर बसतील, त्यांची पंगतही वेगळी. पाळक म्हणाले, देवळाचं दार कोणाला बंद नसतं. त्यावर साडू म्हणाले, हे आम्ही म्हणत नाही, धुळ्याच्या शेवंताबाई म्हणतात, वनाच्या सख्ख्या बहिणीचं मत आहे, आणि उपासनेच्या शिस्तीबद्दल त्यांच्याएवढा अधिकार खानदेशात कोणाचा आहे? देवळात ढोल म्हणजे विटाळ, हे त्यांचे शब्द. वनाच्या घरची बाई त्या लोकांच्या पंगतीला बसणार नाही, मग आम्हाला का बसवता?

अक्का, पत्रात मला लिहिलंस ते पंगतीचं वाक्यही तू तोतारामला कधी ऐकवलंस, मला माहीत नाही. पण एकही शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. बैठकीला आलेल्या अलेयम्मानं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला म्हणावं लागलं की हो, माझी बहीण असं म्हणते.

मला स्वतःला सायसिंग फार आवडतो असं नाही. फुशारक्या मारतो, आणि आपल्या हिशेबानं बोलायचं तर तो कधीच वेळेवर येत नाही. पण त्याची आई परवा आली होती. दोन दिवस चालून आणि मग चोपड्याहून एस.टी.नं. तिला मराठी येत नाही. घरात शिरण्याआधी तिनं विचारलं, आत येऊ का. सायसिंगनं तिचं बोलणं मला सांगितलं, तेव्हा मी उठून दाराची दुसरी फळीही उघडली.

ठराव अकरा विरुद्ध चार असा मंजूर झाला. आता काय करायचं ते आम्ही पाहू.

वना


धुळे,
४ मे १९८८

श्री. तोताराम यांस,

आपण पंच आहात, म्हणून पत्र लिहिते. समोर बोलले असते तर शेजाऱ्यांना ऐकू गेलं असतं. या पत्राची दुसरी प्रत आपल्या साडूंना जळगावला पाठवली आहे, म्हणजे आपल्याला निरोप पोचवण्याचे कष्ट नकोत.

माझ्या घरी, माझ्या हातचा चहा पिऊन, मी जे बोलले ते आपण साडूंकरवी जळगावच्या पंचांत माझ्या नावानं मांडलंत. माझ्या भाच्या-भाचींच्या बाबतीत मी काय बोलते तो माझ्या घरचा मामला आहे. त्याचा ठराव करायला मी आपल्याला सांगितलं नव्हतं.

ढोल मला आवडत नाही. त्याचा आवाज मोठा असतो आणि तो माणसाच्या गळ्यावर चढतो. आपल्या चिरंजीवांच्या यंत्रातही ढोलच वाजतो, तो देवळात चालतो, कारण तो पुठ्ठ्याच्या खोक्यातून दुकानातून आलाय. तेव्हा आपली हरकत आवाजाला नाही. ढोल ज्याच्या गळ्यात आहे त्या माणसाला आहे. हे मला समजायला वेळ लागला नाही, कारण ही हरकत मी पूर्वी पाहिली आहे.

माझे वडील अभिमन यांनी वचन घेतलं तेव्हा याच देवळात त्यांना दोन वर्षं ओसरीवर बसवलं होतं. ठराव आपल्या वडिलांचा होता. आम्ही कुठल्या वस्तीतून आलो हे त्यांना ठाऊक होतं, आणि तुम्ही कुठून आलात हे आम्हाला. आईनं एकदा विचारलं, आपण आत कधी जायचं? त्यावर वडील म्हणाले, “देव मझार शे ना, मंग आपलं बठ्ठं भागनं.” मी तेव्हा लहान होते. मला ते उत्तर आवडलं नव्हतं, अजूनही आवडत नाही. देव आत आणि आपण बाहेर यात समाधान मानणारा माणूस माझा बाप होता, हे मला आयुष्यभर सलत आलंय.

एकवीस मेला मी जळगावला जात आहे. आपल्या साडूंच्या ठरावाप्रमाणे ज्यांना ओसरीवर बसवायचं आहे त्यांच्यात मी बसेन, आणि त्यांच्याच पंगतीला जेवेन. मला त्या लोकांचा कळवळा आलाय असं समजू नका. मला आपल्याशेजारी बसायचं नाही, एवढंच.

आपल्या चिरंजीवांना सांगावं की डाव्या हातालाही बोटं असतात.

शेवंताबाई


जळगाव,
३१ मे १९८८

प्रिय अक्का,

सलाम. लग्नाच्या दिवशी तू दुपारचीच एस.टी. धरून निघून गेलीस. कोणाशी बोलली नाहीस, सुवार्ताच्या डोक्यावर हात ठेवलास तोही टपली मारल्यासारखा. ओसरीवर तू देवळाच्या दाराकडे पाठ करून बसली होतीस, त्यामुळे आत काय झालं ते तू पाहिलं नाहीस. ते सांगतो.

तू सायसिंगच्या आईशेजारी खाली बसलीस तेव्हा मी सुवार्ताला घेऊन दारात उभा होतो. आत पंच पुढच्या बाकांवर, पांढरेशुभ्र कपडे घालून. पाळक वेदीपाशी. तुला पाहून पहिल्यांदा अलेयम्मा उठली. रेशमी साडी सावरत बाहेर आली आणि तुझ्या मागे बसली. तिच्यामागून बाकीच्या नर्सा. मग रत्नम, त्याचा भाऊ, रेल्वेची आणखी चार घरं. आपल्या मराठीतलीही काही उठली. साडू मागे वळून प्रत्येकाकडे पाहत होते, जणू नावं टिपून घेतायत. थोड्या वेळानं आत पंच, त्यांची घरं आणि पंख्यांचा आवाज एवढंच राहिलं.

पाळकांनी पुस्तक मिटलं आणि तेही बाहेर आले. माझ्याजवळून जाताना म्हणाले, “ढोल देवळात आणायचा नाही असा ठराव आहे, देवळानं बाहेर जायचं नाही असा नाही.” मग त्यांनी तिथेच उन्हात लग्न लावलं.

सायसिंगची आई विचारत होती, मोठ्यानं कुजबुजणारी ती म्हातारी कोण. तिला सांगितलं, मुलीची आत्या. ती म्हणाली, भांडखोर दिसते, चांगलं आहे.

आता पुढचं. परवा रविवारी पंचांपैकी तीन घरं उपासनेला आली नाहीत. साडूंच्या दिवाणखान्यात त्यांनी वेगळी मराठी उपासना सुरू केलीये. त्यांच्याबरोबर आणखी दोन घरं गेली. माझा वीस वर्षांचा मित्र पुना, ज्याच्याबरोबर मी रोज ऑफिसात डबा खायचो, तोही गेला. आज त्यानं डबा दुसऱ्या टेबलावर उघडला.

मी ज्याच्यासाठी कुलपं काढली ते पुन्हा फुटलं, अक्का. आणि या वेळी मीच फोडलं असं पुना म्हणतो.

वना


धुळे,
६ जून १९८८

प्रिय वना,

सलाम. तुझं पत्र रडकं आहे. दोनदा वाचून मी ते बाजूला ठेवलं, कारण उन्हाळ्यात आधीच जीव नकोसा होतो.

लग्नाबद्दल मी काही बोलले नाही म्हणून तुला वाटलं असेल मला आवडलं. गैरसमज नको. जिलबी कच्ची होती. अलेयम्मानं माझ्या कानाशी नाकातून गाऊन माझं डोकं उठवलं, वर मध्येच पाणी देऊन उपकार केले. रत्नमनं आशीर्वादाचं गीत म्हटलं ते अर्ध्यावर येईतो ऊन कलायला लागलं. आणि तो ढोलवाला म्हातारा, सायसिंगचा मामा म्हणे, लय अशी काही पुढे ओढत होता की बैलगाडीला इंजिन लावावं. मी त्याला हातानं लय दाखवली. त्यानं मला हातानं गप्प बसायची खूण केली. मी पुन्हा दाखवली. तो त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी बोलला, त्याची बायको हसली. मी मराठीत जे बोलले ते तुझ्या पाळकांनी ऐकलं नसावं अशी आशा आहे. शेवटी मलाच त्याच्या लयीत गावं लागलं. साठीनंतर कोणी मला असं फरपटत नेलं नव्हतं.

हो, मी गायले. ते तुला दिसलं असणारच, तरी तू पत्रात लिहिलं नाहीस, याबद्दल आभार.

सायसिंगच्या आईनं माझ्या आखडलेल्या बोटांना कसलंसं तेल चोळलं. न विचारता. गुण आलेला नाही. वास भयंकर आहे, अजून जात नाही.

आता पुनाबद्दल. तो गेला तर जाऊ दे, असं मी म्हणणार नाही. मित्र गेला की जेवण जात नाही, हे मला कळतं. पण तू फोडलंस हे खोटं. जे ठरावानं धरून ठेवावं लागतं ते एकत्र कधीच नव्हतं. कुलपं होती, आता भिंत आहे. निदान दिसते तरी.

मला दुःख वेगळ्याच गोष्टीचं आहे, आणि ते तुला कोणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. जी पाच घरं गेली ती तुमच्यातली सुरात गाणारी होती. पुनासारखा खालचा आवाज जळगावात दुसरा नाही. साडूंची बायको माणूस म्हणून नीच आहे, पण वरचा सूर तिच्यासारखा धुळ्यातही कोणी लावत नाही. ते सगळे त्या दिवाणखान्यात बसून चार आवाजांत गोड गात असतील, अगदी मी शिकवलं तसं. एखाद्या रविवारी खिडकीखाली उभं राहून ऐकलंस तर तुला रडू येईल. ऐकू नकोस.

मी शनिवारच्या एस.टी.नं येते. खोली झाडून ठेव. किती दिवस ते आत्ताच विचारू नकोस. तुमच्या देवळातल्या पेटीचा भाता फाटलाय, तो माणूस बोलावून शिवून घे. मला डाव्या हातानं जेवढं वाजवता येतं तेवढं वाजवीन. नर्सांना आणि रत्नमला बुधवारी संध्याकाळी बोलाव, त्या मामाला अजिबात बोलावू नकोस, आणि तो आलाच तर त्याला दारात अडवू नकोस.

सुरातले सगळे गेले, वना. उरलेल्यांतच गायचंय.

तुझी,
अक्का